उन्हाच्या वासाची बाटली

ती. आईस,
धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे. फोनवर आवाज पडलेला वाटला म्हणालीस, ती नुसती सर्दी.

हॉटेलच्या तळघरात चादरी धुण्याचं काम आता अंगवळणी पडलंय. उजाडायच्या आत खाली उतरतो, अंधार पडल्यावर वर येतो. सोबतचे हल्ली कमी बोलतात. मी वसकन अंगावर जातो म्हणे. आमचं मन प्रसन्न राहावं म्हणून साहेबांनी भिंतीवर झाडाचा भलामोठा फोटो लावलाय, मागे दिवा. बारा महिने एक पान गळत नाही. केवढी ती माया.

चादरी यंत्रातच वाळतात. शेवटी बाटलीतला झाकणभर सुगंध घालायचा. बाटलीवर लिहिलंय, 'उन्हात वाळवलेल्या कपड्यांचा वास'. पाहुण्यांना त्यावर गाढ झोप लागते. काल मीच ती हुंगत उभा राहिलो, तर मुकादम खेकसला, "तुझ्या नाकासाठी नाही आणली."

बाबांची कंबर कशी आहे? सकाळी त्यांना अंगणात बसव, टीव्हीपुढे नको.

माझं जुनं पांघरूण अजून गच्चीवर उन्हात टाकतेस ना? कुणी इकडे येणार असेल तर पाठव. धुऊ नकोस. उन्हातून काढलंस की गरम असतानाच घडी घाल, आणि पिशवीचं तोंड घट्ट बांध.

तुझा,
धाकटा