मशीनला दिलेले होकार

१४ नोव्हेंबर २००६, माजरी
बाबांचे शब्द आणखी कमी झाले. आज मिठाला 'ते पांढरं' म्हणाले. गाठ डाव्या कानाच्या वर, मेंदूत. बोलण्याचे तंतू तिच्या आतून जात असतील, तर सर्जन हात लावणार नाहीत. बाजूनं जात असतील, तर काढतील. आधी स्कॅन.

१६ नोव्हें., नागपूर
स्कॅन वाया. डोकं हललं. स्कॅनची चित्रं संगणकाच्या गणितानं दुरुस्त करणाऱ्या खोब्रागडे बाई गोंडपिपरीच्या. हलू नका, असं माइकवरून सारख्या बजावत होत्या. बाबा बाहेर येऊन: "मी कुठी हललो? पडूनच तं होतो."
पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

१७ नोव्हें.
डोकं कधी, किती हललं याची रेघ बाईंनी पडद्यावर दाखवली. मला भीतीची थरथर अपेक्षित. नव्हती. मशीनच्या ठोक्यांची फेरी सुरू झाली की रेघेत एक बारीक उतार, मग स्थिर. पुढच्या फेरीला पुन्हा. सगळे सारखे.
बाबा बत्तीस वर्षं कोळशाच्या खाणीत हॉलेजवर, भरलेले डबे दोरानं वर ओढायला. खालून घंटी आली की मान हलवायची, मग दोर ओढायचा.
बाईंना सांगितलं. हसल्या, बाबांना म्हणाल्या, "भाऊ, ड्यूटी संपली तुमची."
बाबा: "मंग मशीन घंटी काऊन देऊन राह्यली?"

१८ नोव्हें.
स्कॅन वाया नाही गेलं. गणित प्रत्येक चित्र फिरवून पहिल्या चित्रावर बसवतं. मान हलली तेवढी परत. दुसरा दोष मशीनचा. नाकामागे, कानाशी हवा असते, तिथे मेंदू ताणलेला दिसतो. म्हणून बाईंनी उलट दिशेनंही चित्र घेतलेलं. एकात मेंदू पुढे ओढलेला, दुसऱ्यात मागे दाबलेला. दोन्ही खोटी. खरं मधे कुठेतरी.
चहा घेऊन परतलो. पडद्यावर बाबांचं कपाळ जागेवर आलं होतं.
वर्गात इतकी वर्षं जुन्या पोथ्यांमधले पाठभेद शिकवतो. दोन चुकांतून असं काही निघताना पाहिलं नव्हतं.

२० नोव्हें.
तंतू दिसले. हिरवे, कानावरून वळसा घेऊन पुढे. बाबा मला जे जे बोलले ते इथून.
गाठीच्या बाहेरून जातात. मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट. विचारलं, फट नक्की?
बाई: "सर, गणित चुकलं तं तेवढंच चुकते, दाण्याएवढं."

२२ नोव्हें., माजरी
सर्जन तयार. सोमवारपर्यंत कळवायचं.
बाबांना सगळं सांगितलं, फटीसकट. त्यांनी चित्र गुडघ्यावर ठेवून पाहिलं.
"हे माह्या आतलं?"
"हो."
"अन बोलणं गेलं तं?"
जाऊ शकतं, म्हणालो. गाठ ठेवली तरी जाईल, हळूहळू.
"पाहू. आज बोलू दे मले."
संध्याकाळपर्यंत बोलले. अडले तिथे मी शब्द पुरवला नाही. थांबलो.