थंडी ही मनाची समजूत

२ डिसेंबर १९७९
पहाटे विहिरीच्या पाण्यानं अंघोळ. अख्ख्या सक्करदरा मोहल्ल्यात एकटा मीच. बाकीचे मंकी कॅप घालून खोकत बसलेले. बघवत नाही. मी पी.टी. मास्तर आहे, मला माहीत आहे : थंडी ही मनाची समजूत.
पोटऱ्यांवर जांभळे ठिपके दिसले. ढेकूण. बायकोला, शामलाला, गाद्या उन्हात टाकायला सांगितलं.

९ डिसेंबर
ठिपके वाढले. ढेकूण एकही सापडला नाही, म्हणजे शामलानं नीट शोधले नाहीत. शेजारचे रुपराव कुंपणावरून म्हणाले, "मास्तर, कुजल्या जांभळावानी दिसून राहिले तुमचे पाय. डॉक्टरले दाखवा ना जी." बोलताना तोंडातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचे शिंतोडे. आरोग्यावर बोलणारे हे!

१७ डिसेंबर
ग्राउंडवर शिट्टी हातातून पडली. बोटं बधिर. मुलं हसली. निदान मीच केलं : रक्त सुस्तावलं आहे. आजपासून अंघोळ दोनदा.

२९ डिसेंबर
घोट्यावर जखम. घाण वास. स्वतःच्याच पायाची शिसारी येते. शामला म्हणाली, "हे काय करून ठेवलं जी? चला." डॉक्टरकडे गेलो, केवळ तिच्या समाधानासाठी. त्यानं रक्त काढून घेतलं.

४ जानेवारी १९८०
डॉक्टर अगदीच पोरगेला. माझ्या रक्तातलं पाणी त्यानं फ्रिजमध्ये ठेवलं होतं. तळाशी पांढरट गाळ, फाटलेल्या दुधासारखा. ट्यूब कोमट पाण्यात धरली तर गाळ गायब. म्हणतो, तुमच्या रक्तातली प्रोटीनं थंडीत गोठतात, बारीक रक्तवाहिन्या सुजतात. दुर्मिळ आजार. गोळ्या घ्या, मोजे घाला, थंड पाणी बंद.
त्या फ्रिजमध्ये कुणाचंही रक्त नासेल. गोळ्या खिशात टाकल्या.

२५ जानेवारी
उद्या परेड. हेडमास्तर म्हणाले, फुलपँट घाला, पाहुणे येणार आहेत. साफ नकार दिला. उजव्या पायाचा अंगठा काळा पडला आहे. खपली धरत असावी. चांगली खूण.

२६ जानेवारी
"सावधान" म्हणालो आणि खाली बसलो. उठता आलं नाही. रुपरावांनी आपली शाल माझ्यावर घालून रिक्षात बसवलं. शालीला खर्ऱ्याचा वास. काढली मात्र नाही.

८ फेब्रुवारी, हॉस्पिटल
अंगठा कापला. पँट धुताना शामलाला खिशात गोळ्यांचा लगदा सापडला. तिनं तो बशीत आणून दाखवला.
आज ड्रेसिंगनंतर तिनं लोकरीचा मोजा चढवला. रिकामं टोक दुमडलं. मी विचारलं, किळस नाही वाटत?
"वाटते ना," ती म्हणाली. "पाय हलवू नका."
नाही हलवला.