आवाज मीच वाढवला होता

मंगळवार, संध्याकाळ

आवाज मीच वाढवला होता. अप्पांना कमी ऐकू येतं म्हणून. त्यांना लातूरहून मुरुडला घरी सोडायला निघाले, मोबाइल गाडीच्या टेपला जोडला, भजन लावलं. जोडल्यावर फोनही टेपवरच वाजतो, हे मला ठाऊक नव्हतं का? रोजचंच तर आहे. नांदेडहून दादाचा फोन आला आणि मी मूर्खानं सवयीनं बटण दाबलं.

"अप्पाचा रिपोर्ट आला गं. कॅन्सरच हाय. अप्पाला कळू देऊ नको."

गाडीभर दादाचा आवाज. मी फोन कापला. भजन आपोआप पुन्हा सुरू झालं, तेवढ्याच मोठ्यानं. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. मुरुड आलं तेव्हा म्हणाले,

"आवाज कमी कर, बाई. ऐकू यायलंय मला."