भातखाचरांखालचं घर

उझ्गेन,
जुलैची अकरा तारीख, सकाळचा चहा झाल्यावर

माझ्या शिंगरा, माझ्या मीरिम,

आधी तुझ्या कपाळाचा मुका घेते, मग बाकीचं. नातजावई अदिलेतला सांग, म्हातारी चोंगएने मजेत आहे. दात कमी झालेत, बोलणं तेवढंच आहे. माझं अक्षर लागत नसेल तर मोठ्याने वाच, म्हणजे लागेल. चौथीतून काढून मला मेंढ्यांमागे पाठवलं, तेव्हापासून हात तिथेच थांबलाय.

तू फोनवर म्हणालीस, "चोंगएने, हिवाळ्यात तू पणजी होणार," तेव्हा मी पीठ मळत होते. फोन पिठात पडला. तुझी मामी बुरमाकान धावत आली, "एने, काय झालं? कोण गेलं?" मी म्हटलं, "जातंय कोण गं, येतंय!" मग त्याच पिठाचे बोरसोक तळले आणि गल्लीभर वाटले. एक म्हातारी विचारते, "मुलगा की मुलगी?" म्हटलं, "माणूस आहे, तेवढं पुरे. तू खा." तेव्हापासून मी रोज एक लंगोट शिवते. सुईत दोरा मामी ओवून देते. शिवण वाकडी येते, पण बाळाला कुठे दिसणार आहे.

आता तू दुसरं जे विचारलंस त्याचं. सागिनचं घर. तेव्हा फोन मामीच्या हातात होता आणि आवाज सगळ्या घरात ऐकू येत होता, म्हणून मी "छान आहे, छान आहे" एवढंच म्हटलं. मग मामीच म्हणाली, "एने, तुम्ही पत्र लिहा. मीरिमचा तुमच्या हातावर विश्वास आहे. सागिन तर रशियाला चाललाच, भावाचं घर परक्याला जाण्यापेक्षा आपल्याच मुलीला गेलेलं बरं." म्हणून लिहायला बसले. ती इथेच समोर बसून जर्दाळू फोडते आहे आणि मधूनमधून विचारते, "झाडांचं लिहिलंत का?"

लिहिते. झाडं आहेत. दोन अक्रोड, एक द्राक्षांचा वेल, एक चेरी. सागिनने खोल्यांना नवा चुना दिलाय, जमिनीवर नवं सिमेंट ओढलंय, वर लाल गालिचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आपली न् त्याची भिंत एकच. मी खोकले तरी तुला कळेल. बाळ रडलं की तुझ्याआधी मला कळेल. तुझी आई गेल्यापासून तू माझ्या कुशीत झोपायचीस, आठवतं? गुडघे पोटाशी घेऊन. तुझं लग्न झालं तेव्हापासून माझी ती बाजू थंडच असते. ते जाऊ दे.

मामी विचारते, "वाऱ्याचं लिहिलंत का?"

वाऱ्याचंही लिहिते. इथे वारा नाही. हे घर घ्यायला तुझा मामा तोक्तोसून मला पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा डिसेंबर होता. वर रस्त्यावर वारा कान कापत होता, आणि अंगणात उतरले तर माझ्या रुमालाचं टोकही हलेना. आपल्या आलाईच्या डोंगरात हिवाळ्याचा तळ असाच बघतात ना, खोलगट जागा, पाठीशी टेकाड, पाणी जवळ. मी म्हटलं, "घे रे, इथे मेंढ्या उबेत राहतील." तोक्तोसून म्हणाला, "मेंढ्या किती आहेत आपल्या, सातच तर आहेत." म्हटलं, "मग आपण उबेत राहू." वरच्या बाजूला मोकळं शेत होतं, नुसती धसकटं. मी मालकाला विचारलं, कशाचं? तो म्हणाला, भाताचं. मी हसले, म्हटलं, "वा, पुलाव तर दाराशीच पिकतो!" तोही हसला. खूपच हसला.

भात पाण्यात उभा राहतो, हे आम्हा मेंढ्यांमागच्या माणसांना कोण सांगणार होतं? डिसेंबरात पाटही कोरडे असतात, खाचरंही कोरडी असतात. मे संपता संपता मुराब पाणी सोडतो. त्याच्या हातात सगळे पाट. वरची खाचरं भरतात आणि सप्टेंबरपर्यंत भरलेली राहतात. पाण्याला खाली यायला सांगावं लागत नाही.

तसं फार काही नाही. गंमतच होते. माझी खाट तोक्तोसूनने विटांवर चढवली आहे, मी आता खानाच्या बायकोसारखी उंच झोपते. गाद्या रोज उन्हात टाकतो, त्यामुळे त्यांना कसर लागत नाही. पिठाचं पोतं छताला टांगलंय, उंदीर खालून बघत बसतात बिचारे. भिंतींना लोणा लागलाय, पांढरा, मऊ. मामीची धाकटी, लहानी, तो बोटाने चाटत होती, मामीने फटका दिला. आणि अंगणातल्या तख्तावर मी बसते तेव्हा चारी बाजूंनी पाणी, मध्ये मी. परवा शेजारणीचं बदक आलं, माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि गेलं. मी म्हटलं, "अगं थांब, मलाही ने!"

गुडघे ओल्यात टेकवले की रात्रभर ठणकतात, म्हणून मी खाली उतरत नाही. सकाळी तोक्तोसून मला तख्तावर ठेवतो, संध्याकाळी उचलून आत नेतो. पाय सुजलेत, पण मी हलकी आहे. काही वजन म्हणून नाही.

मामी तंदूर बघायला गेली. तंदूरही खालून ओला झालाय, भाकरी भिंतीला धरत नाही, सुटून राखेत पडते. तिला वेळ लागेल. आता पटपट लिहिते.

मीरिम, नीट ऐक. पहिल्या उन्हाळ्यात पाणी दिसलं तेव्हा मामाने मुरूम आणून अंगणात भराव टाकला. त्याला वाटलं, अंगण उंच झालं की घर वाचेल. अंगण वर आलं आणि घराचं जोतं खाली राहिलं. आता अंगणाचा उतार उंबरठ्याकडे आहे. वर रस्त्यालाही दर दोन वर्षांनी जुन्यावर नवं डांबर चढतं, रस्ता आता फाटकाच्या कडीइतका उंच झालाय. म्हणजे रस्त्याचंही पाणी आमचंच, खाचराचंही आमचंच. कच्च्या विटांची भिंत खालून साखरेच्या खड्यासारखी विरघळते. मागची खोली आम्ही बंदच केली आहे. तिचं छत कुठल्या दिवशी बसेल, ते आम्ही बोलत नाही.

आणि दुसऱ्या उन्हाळ्यात मामाने पाट काढला. पाटाचं तोंड भिंतीखालून पलीकडे. पलीकडे म्हणजे सागिनकडे.

सागिनचं घर आमच्याहूनही खाली आहे. तो बायकोचा भाऊ, सोयरा माणूस, तोक्तोसूनला तोंडावर नाही म्हणाला नाही. म्हणाला, "सोड रे, मला कुठे इथे राहायचंय." तेव्हापासून आमचं पाणी त्याच्या झोपायच्या खोलीखाली जातं. म्हणून नवं सिमेंट. म्हणून गुडघ्यापर्यंत नवा चुना. म्हणून लाल गालिचा. आणि म्हणूनच तो तुम्हाला म्हणतो की नोव्हेंबरात या, तेव्हा निवांत असतो. नोव्हेंबरात भात कापलेला असतो, पाट सुकलेले असतात, आणि माझा रुमालही हलत नाही.

पाळणा जमिनीवर ठेवतात, माझ्या शिंगरा. हातभर उंच. बाळाचं नाक तिथेच असतं.

मी दिवसभर तख्तावर बसून हाच हिशोब करते. पाट बुजवला तर पाणी माझ्या खाटेखाली, उघडा ठेवला तर तुझ्या पाळण्याखाली. मी मामाला विचारलं, "मीरिम आली तर पाटाचं काय करशील?" तो बराच वेळ बूट काढत राहिला. मग म्हणाला, "एने, तेव्हाचं तेव्हा." तो वाईट नाही. त्याने हे घर घेतलं तेव्हा आलाईतली सगळी जनावरं विकली, फक्त सात ठेवली. आता हे घर विकायचं तर ज्याला विकू त्याला पाणी सांगावं लागेल, आणि सांगितलं की कोण घेणार. न सांगता विकायचं म्हटलं तर तो म्हणतो, "मला ज्याने फसवलं, तो मी होऊ?" म्हणून बसलोय.

तू म्हणशील, मग चोंगएने, तू आमच्याकडे ये. तू तेच म्हणशील, मला माहीत आहे, तुझा स्वभाव आईवर गेलाय. म्हणू नकोस. आई धाकट्या मुलाच्या घरी असते. मी उठून नातीकडे गेले तर गल्ली म्हणेल, तोक्तोसूनने आईला पाण्यात बुडवून बाहेर काढलं. त्याला आता तेवढंच ऐकायचं राहिलंय. मी इथेच आहे. तू फक्त इथे येऊ नकोस.

म्हणजे ये. एकदा ये, आणि आत्ता ये, या आठवड्यात. न कळवता. सागिनकडे जा, गालिचा कोपऱ्यातून उचल, तळहात टेकव. मग बाहेर अंगणात भिंतीजवळ किटलीभर पाणी ओत आणि बघ ते कुठे जातं. भिंतीपासून लांब गेलं तर ते घर, भिंतीकडे वळलं तर तो खड्डा. दुसरीकडे कुठेही घर बघाल तरी हेच करा, आणि जूनमध्ये करा. वर बघा. वर कोणाचं शेत आहे, कशाचं आहे, ते विचारा. मालक जास्त हसला तर निघून या. घर रस्त्याच्या वरच्या बाजूचं घ्या. वारा लागला तर लागू दे. बाळाला टोपी घालता येते.

आणि सागिनला नाही म्हणताना माझं नाव घेऊ नकोस. अदिलेतला तिकडेच काम मिळालं म्हण. मामीचा संसार भावाच्या मर्जीवर उभा आहे.

मामी आली होती. मला कागद लपवायला जमलं नाही, तख्तावर लपवणार कुठे? तिने हात पुसले, बसली. राखेत पडलेली एक भाकरी झटकून माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, "वाचतेस का?"

ती म्हणाली, "नको, एने."

"झाडांचं लिहिलंय. वाऱ्याचं पण."

"बरं केलंत." मग तिने भाकरीवरची उरलेली राख फुंकली. म्हणाली, "लहानीचा खोकला डॉक्टर म्हणतात ओलीचा आहे." मग म्हणाली, "एने, पत्र तुम्हीच चिकटवा. भावाने विचारलं तर मला शपथ घेऊन सांगता आलं पाहिजे, मी एक अक्षर वाचलं नाही."

मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना राखेचा वास होता. ही माझी सून, मी तिच्यावर किती ओरडते. ती रडली नाही. उठली आणि कुरुतची, सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी घेऊन आली, म्हणाली, "मीरिमला आंबट लागत असेल आता, थोडे जास्त घालते." टॅक्सीवाला दुपारी जलालाबादला निघेल, त्याच्याकडे देतो आहोत.

माझ्या शिंगरा, तू येशील तेव्हा गल्लीदेखत आपण आनंदाने भेटू. मी तुझ्या पोटावर हात ठेवीन, सगळ्यांसमोर म्हणेन की माझी नात शेजारी राहायला येते आहे. मला तेवढा एक दिवस ते म्हणू दे. मग तू घर बघ, नाही म्हण, आणि गाडीत बस. फाटकापर्यंत सोडायला मी येणार नाही, कोणी मला उचलून आणायलाही मी सांगणार नाही. मागे वळून बघू नकोस. मी हाक मारली तरीसुद्धा.

तू लांब राहा असा आशीर्वाद देणारी,
तुझी चोंगएने
उलकान