आईचा मोतीबिंदू आणि माझं इंग्रजी

७ नोव्हेंबर १९४५, काष्टी
आईचं डोळ्याचं ऑपरेशन पुन्हा लांबलं! "भाऊबीज हू दे" म्हणाली होती. झाली. आता म्हणते, "शनवारचा बाजार हू दे."
माझी सुट्टी चाललीय संपत. मी काय करतेय? — सुट्टीनंतरच्या धड्याची टिपणं! इंग्रजी पाचवीच्या मुलींना फरक समजवायचाय. पोस्टपोन — सुरू होण्याआधीच पुढं नेणं. ॲडजर्न — सुरू झालेलं मध्येच थांबवून पुढच्या बैठकीवर नेणं. डिफर — विचार करून मागं ठेवणं. डिले — नुसता उशीर, कुणी ठरवलेला नसला तरी.
आपल्याकडं सगळ्याला एकच — ढकललं पुढं!

८ नोव्हेंबर
हे सगळं आईला ऐकवलं. ती भाकरी थापत होती. रंगुआत्या म्हणाली, "आगं वच्छे, न्हाई म्हनायला बी आता विंग्रजी लागतं व्हय?" आप्पा उपरण्यात तोंड लपवून हसले.
मी मात्र गंभीर. घरातली पहिली बी. ए. ना, यंदाच झालेली!

१० नोव्हेंबर
बाजार झाला. आता आत्याची म्हैस व्यायचीय म्हणे! म्हणजे 'पुट ऑफ' — मनात नाही म्हणून टाळत राहणं. अगदी फक्कड उदाहरण मिळालं. लगेच उतरवून घेतलं. काय मी तरी!

११ नोव्हेंबर
शेवटी चिडून विचारलं, "आई, भितेस का गं?"
"भ्याचं काय त्यात? शिरगोंद्याचा डाक्टर म्हनला, म्हैनाभर चुलीम्होरं बसायचं न्हाई. भाकरी कोन करील? तू?"
रोज 'कधी' विचारलं. 'का' एकदाही नाही! आणि चार शब्दांतले बारकावे शिकवायला निघालेय. शाळेला महिनाभराच्या रजेचं पत्र टाकलं.

१२ नोव्हेंबर
भाकरी. पहिली फाटली. दुसरी कच्ची. तिसरी आप्पांनी खाल्ली — "बरी हाय" म्हणाले आणि तांब्याभर पाणी प्यायले. आत्या म्हणाली, "डाक्टरला दे बांधून. आपरेशन फुकट करील, पन दुसरी नगं म्हनंल!"

१३ नोव्हेंबर
एक फुगली! पुरती नाही, एका अंगाला. आईनं बोटांनी चाचपून पाहिली. म्हणाली, "बेस्तरवारी निघू."
मी स्वयंपाकघरात नाचले. पदवीदानाच्या दिवशीही नव्हते नाचले!

१५ नोव्हेंबर, नगर
डावा डोळा उद्या करणार. उजवा गेला. आता त्याचं काही होणार नाही. "मार्चमध्येच आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले, "तेव्हापासून दिसत नसणार यांना."
मी आईकडं पाहिलं.
"तुझी परीक्षा हुती न्हवं," ती म्हणाली.