बिल्ल्यावरची दुसरी ओळ

गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५. दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत कंपनीतल्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर आप्पांचा बिल्ला मोजत होतो. व्यास ४०.२, जाडी २.४. व्हर्निअर दोनदा शून्याला लावून बघितलं. सुपरवायझर मागून आला. "काय रे संघर्ष, ऑलिंपिक मारून आलास का?" बिल्ला पटकन मुठीत धरला. पडला असता तर!

आप्पा म्हणजे माझे चुलत आजोबा, म्हाळूआप्पा. वय ८१, दौंडला असतात, रेल्वेत गँगमन होते. बिल्ला त्यांच्या वडिलांचा, केरूबाबांचा. घरात सगळे सांगतात — केरूबाबा पलटणीत होते, जर्मनच्या लढाईत पराक्रम केला, त्याबद्दल मिळाला. दर एक जानेवारीला आप्पा कोरेगावला जातात आणि तो छातीवर लावून स्तंभापुढे सलाम करतात. पोरं फोटो काढून घेतात त्यांच्याबरोबर.

आता दौंडच्या विहारात सैनिकांच्या नावांचा फलक लागणार आहे. समितीचे रोहिदासकाका म्हणाले, कागद नसला तर निदान बिल्ल्यावर काय लिहिलंय ते तरी सांगा. आप्पांनी मला बोलावलं. "तू अक्षराला पक्का हाईस. तू वाच."

मी अकरावीत शाळा सोडलेली. आणि अक्षरं जर्मन!

शनिवार, २९ नोव्हेंबर

शिरूरच्या सराफाकडे वजन केलं. २६ ग्रॅम. कसोटीवर घासून बघतो म्हणाला — मी नको म्हणालो. "चांदी चांगली हाय. साडेचार हजार आत्ता देतो. आटवायचीच हाय ना?"

आटवायची! बिल्ला रुमालात गुंडाळून बाहेर आलो.

सीमाआत्याला (आप्पांची मुलगी) फोन केला. "साडेचारच? आन् तुझा आजा त्यो उशाखाली घेऊन झोपतोय!"

मंगळवार, २ डिसेंबर

एका बाजूला बसलेली बाई, मांडीवर टोपली. दुसऱ्या बाजूला पानांची माळ आणि माळेच्या आत मजकूर. वरची ओळ शाबूत आहे. एका अक्षरावर दोन टिंबं — ती आधी सोडली होती, मग पुन्हा पहिल्यापासून लिहून काढलं. मोबाईलवर भाषांतर केलं. "कर्तबगारीबद्दल"!

खालची ओळ सपाट आहे. कारण माहीत आहे मला. दर एकतीस डिसेंबरला आप्पा चिंच आणि राख लावून बिल्ला घासतात. आरशासारखा झाल्याशिवाय उठत नाहीत.

लगेच दौंडला फोन केला. आप्पांनी तो शब्द मला दोनदा म्हणायला लावला. मग आत्याचा आवाज — "काय सांगितलंस रं? रडाया लागलाय की ह्यो!"

खालच्या ओळीचं मी बोललो नाही. एवढा आनंद झालेला, त्यात कुठं बोलणार?

शुक्रवार, ५ डिसेंबर

रोहिदासकाकांनी फलक रंगवायला दिलासुद्धा. "केरू भिवा रणपिसे — शौर्यपदक." स्पेलिंग बरोबर आहे का म्हणून मलाच फोटो पाठवला. बरोबर आहे.

रविवार, १४ डिसेंबर

पुण्याला गेलो. जुन्या नाण्यांचे व्यापारी आहेत, विश्वजीत नावाचे. नंबर इंटरनेटवर मिळाला. खालची ओळ झोप लागू देईना म्हणून गेलो.

मी बिल्ला बोटांनी दाबून पुढे केला तर ते म्हणाले, "कडेनं धरा, कडेनं." कड भिंगाखाली फिरवली. एक बारीक चंद्रकोर, शेजारी मुकुट, पुढे ९९०. मी इतक्या वेळा मोजला आणि मला ते खरचटलेलं वाटलं होतं! "जर्मन सरकारचा शिक्का. म्हणजे १८८८ नंतरचा. चांदी एकदम चोख."

मग बॅटरी आडवी धरून खालच्या ओळीवर प्रकाश पाडला. अक्षरांच्या सावल्या उठल्या. ते हळूहळू वाचत गेले, आणि हसले. वाईट नाही, साधं हसले.

"बागायतदार मंडळाचं पदक आहे हे. फळाफुलांचं प्रदर्शन भरायचं, त्यातलं बक्षीस. ही बाई म्हणजे त्यांची फळांची देवी."

मी म्हणालो, शौर्याचं नाही?

"वांगी चांगली पिकवणं हेही शौर्यच म्हणा."

अजून एक गोष्ट दाखवली. ओळीच्या खाली हातानं कोरलेलं होतं — बक्षीस मिळालेल्या माणसाचं नाव. आता तीन अक्षरं राहिलीत, तीही अर्धी. "चिंच लावता ना? न घासलेलं, नावासकट असतं तर वीस हजारांना हसत गेलं असतं. वर तुम्ही लावायला कडीही डाग देऊन जोडलीय. एखादा हौशी सात देईल."

मग विचारलं, घरातलं कुणी नगरला होतं का? मी सांगितलं, केरूबाबांची पलटण नगरलाच होती. "मग झालं तर! लढाईच्या वेळी इथले जर्मन लोक धरून नगरच्या कॅम्पात ठेवले होते. तुमचे केरूबाबा पहाऱ्यावर असतील."

पहाऱ्यावर. मग बिल्ला त्यांच्याकडे आला कसा? हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

फलक तयार आहे.

रविवार, २८ डिसेंबर

मागचा रविवार मी टाळला. आज न्हावऱ्यावरून एसटीनं दौंडला गेलो आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबलो असतो तर पुढचं बोलता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही.

आप्पा अंगणात खाटेवर. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी भाजीपाल्याचं बक्षीस लावून मी सलाम ठोकत होतो?"

आत्या हसली. मग तोंडाला पदर लावून आत गेली.

"केरूबाबा पलटणीत होतेच की आप्पा. ते खोटं नाही."

"त्यांचे बूट म्या घातल्यात लहानपणी, मला नगं सांगू." माझ्या हातातल्या बिल्ल्याकडे बोट करून — "माळी व्हता म्हंतोस त्यो जर्मन?"

"असेल."

"धरून ठेवलेला माणूस. त्याच्याजवळ येवढं एकच आसंल न्हवं?"

मी बिल्ला त्यांच्या हातात दिला.

"बानं हिसकावलं आसंल का रं?"

नाही म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण कशावरून नाही म्हणू? म्हणालो, त्यानं प्रेमानंही दिलं असेल, विकलंही असेल. पदकावरून कळत नाही.

"आन् नाव बी व्हतं त्याच्यावर." आप्पांनी आपला उजवा अंगठा उलटासुलटा करून बघितला. "ते म्या खाल्लं."

मी म्हणालो, कुणाला सांगणार नाही मी. तुम्ही एक तारखेला नेहमीसारखा लावा. बोलून बसलो आणि मला माझीच लाज वाटली.

बुधवार, ३१ डिसेंबर

आत्याचा फोन. आप्पांनी चिंच मागितली नाही.

गुरुवार, १ जानेवारी २०२६

कोरेगाव. सकाळी सहापासून आप्पांच्या नेहमीच्या जागेवर उभा होतो. गर्दी वाढत गेली. तीन पोरांनी विचारलं, बिल्ल्यावाले आप्पा कुठायत? अकरापर्यंत आले नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही चुकलेले नाहीत. मला नको नको ते दिसायला लागलं.

शेवटी आत्याला फोन लागला.

"आरं, त्यो पहाटंच्या गाडीनं नगरला गेला. यकटा. रोहिदासला उठवून सांगून गेलाय — बाचं नाव ऱ्हाऊ द्या, फुडचं शौर्यपदक खोडा."

बिल्ला?

"कापसात गुंडाळून नेलाय. म्हन्ला, त्या कॅम्पात कुठं तरी वहीत, न्हाईतर दगडावर, त्या माळ्याचं नाव आसंलच. तू माघारी येऊ नगं, नगरलाच जा, तुझ्या आजाला जर्मन वाचता येत न्हाई."