साडेबारा हजार किलोमीटर आणि एक अंगारकी

१६ एप्रिल, गुरु.
लेकीने, वैदेहीने तिकीट पाठवलं. मुंबई–न्यूयॉर्क, माझं एकटीचं, ५ मे. मधे कुठे उतरणं नाही. तिचे दिवस मेच्या तिसऱ्या आठवड्यात भरतायत. हे म्हणाले, "शीळफाट्यापुढे एकटी गेलीयस कधी?" नाही गेले. आता जाईन.

१७, शुक्र.
निघणार रात्री १.३०, पोचणार सकाळी ७.३०, तारीख तीच. म्हणजे सहा तास. अथर्वशीर्षाच्या मंडळात सांगूनही टाकलं. नलूताई म्हणाली, "अगं, सहा तासांत माझी एसटी चिपळूणला जाते." सगळ्या हसल्या.
घरी येऊन परतीचं तिकीट उघडून बघितलं. तिथून सकाळी ११.३०, इथे दुसऱ्या दिवशी ११.३०. चोवीस तास. रस्ता तोच ना? मग लक्षात आलं. तिथलं घड्याळ मागे, जाताना जेवढं देतं तेवढंच येताना काढून घेतं. दोन्ही मिळवले, तीस. निम्मे पंधरा. ह्यांनी मोबाईलवर पाहिलं: साडेबारा हजार कि.मी., पंधरा तासांच्या आसपास. मोबाईल खाली ठेवला. माझं मॅट्रिकचं गणित.

२०, सोम.
आज ह्यांचं नवीन. "पंधरा तास बसवेल? पाय सुजतील." म्हटलं, वागळे इस्टेटच्या कारखान्यात डबल शिफ्ट उभ्याने काढायचात, मला नुसतं बसायचंय, आणि जेवण आयतं. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ह्यांना येता येत नाही, राग त्याचा. कळतं मला. पण बाळंतपण गुडघ्यासाठी थांबत नाही.

२४, शुक्र.
आज कॅलेंडर नीट बघितलं. ५ मे, अंगारकी. वैदेहीला मीच म्हटलेलं, सगळ्यात स्वस्त असेल तो दिवस घे. तिथी न बघता. एकवीस वर्षांत एक चतुर्थी चुकली नाही, आणि…
ह्यांना आयतंच सापडलं. "बघ, बाप्पालाच नकोय." म्हटलं, तुम्ही बाप्पाला कधीपासून विचारायला लागलात?
तारीख बदलणार नाही. उपासही सोडणार नाही.

२८, मंगळ.
गुरुजींकडे गेले. उपास कुठल्या चंद्राला सोडायचा? इथे उगवेल रात्री साडेदहाच्या सुमारास, तेव्हा तिथे भर दुपार. लेकीच्या खिडकीत यायला तिथली मध्यरात्र. गुरुजी म्हणाले, "आपण जिथे, तिथला चंद्र." नलूताई म्हणते इथलाच धर, उगवला की फोन करते. हे म्हणाले, "शुगरची गोळी चालू आहे तुझी, विसरलीस?" विसरले नाही. राजगिऱ्याचे लाडू पर्समधे घालीन.

४ मे, सोम. दुपार.
बॅग भरली. डिंकाचे लाडू, अळीव, दुपटी. ह्यांनी कुलूप दोनदा ओढून बघितलं. मग एक कागद दिला. विमान किती वाजता कुठल्या देशावर असेल, सगळं स्वतःच्या अक्षरात. आणि खाली: उद्या रात्री गच्चीवर जाऊन चंद्र बघीन, दिसला की फोन करतो, मग खा.
देवासमोर कधी हात न जोडलेला माणूस. तो गुडघा घेऊन चार जिने. म्हटलं, अहो चढू नका. "तू ऐकलंस माझं?"
आता गुरुजींचा चंद्र धरायचा की ह्यांचा? तिथे उतरल्यावर बघीन. गाडी सातला येतेय.